नलूच्या लग्नाची मेढ

१२ मे १९५७
नलूचं लग्न पार पडलं. पोरगी दादरला गेली, आमची ठाकूरद्वारची चाळ सुनी झाली. मांडववाल्याने बांबू-कनाती नेल्या, मुहूर्तमेढ तेवढी राहिली — मागच्या अंगणात, आमच्या बागमंडळाच्या वाफ्यात. उंबराची ओली फांदी, मनगटाएवढी जाड. नलूची आई, शेजारची शांता, म्हणाली, "आत्या, राहू दे. मेढ घाईने काढू नये." राहू दे तर राहू दे.

१९ मे
मंडळाची बैठक. मंडळ चालवणारा हेमचंद्र विम्याच्या कचेरीत असतो, पण जीव सगळा झाडांत. डब्यांतले क्रोटन काढा, बकुळ लावा, करंज लावा, आपल्या मातीतलं लावा — पटतं मला. पण आमच्या वाफ्यातली रोपं एकजात मान टाकून बसली आहेत. भायखळ्याहून बुधाजी येतो. गिरणीतला माणूस, मंडळात माझ्याखेरीज हात मळवणारा एकटाच. म्हणाला, "आत्या, बकुळीचं काय झालं?" म्हटलं, "घुशीला विचार."
घरमालकाच्या मेहताजींनी बजावलं आहे — पावसात काही जगलं तर ठीक, नाहीतर गणपतीआधी वाफ्यावर फरशी.

२३ जून
मेढीला डोळा फुटला आहे! तांबूस, तुरीएवढा. नखाने साल खरवडली, आत हिरवी. तोडलेल्या फांदीला कसं कळतं की आता जगायला हरकत नाही? बोटाने माती उकरली तर पांढरं मूळ दिसलं, शिवणाच्या दोऱ्याएवढं. पटकन झाकलं. बाळंतिणीच्या खोलीचं दार चुकून उघडावं तसं वाटलं.

३ जुलै
चाळभर झालं. मुंबईसाठी झगडणाऱ्या समितीच्या फळ्यावर सभेच्या सूचनेखाली हेमचंद्रने खडूने लिहिलं — 'नलूच्या लग्नाची मेढ रुजली.' बायका हळदकुंकू वाहून गेल्या. मीही म्हटलं, "शुभ आहे हो." ज्यांना करंज आणि कारलं यांतला फरक कळत नाही, तेसुद्धा मंडळात आले. मेहताजींनी लांबूनच हात जोडले. उंबराला कोण हात लावणार? फरशी रद्द.

१४ जुलै
पान खुडलं की चीक येतो. देठाशी जास्त, टोकाशी कमी. का बरं?

६ ऑगस्ट, मंगळवार
नलूची मंगळागौर. वाळली आहे पोर. जेवताना मान वर केली नाही. लग्नाआधी फुगडीत हिच्यापुढे कोणी टिकायचं नाही. आज पोरी ओढताहेत आणि ही हात पदराखाली धरून बसलेली. "पाय दुखतात," म्हणाली. मग हात का लपवतेस? रात्रभर तेच डोक्यात.

७ ऑगस्ट
नळावर एकटी सापडली. हात धरला तशी कळवळली. दोन्ही मनगटं काळीनिळी.
"हे पिरगळतात," म्हणाली. "भात करपला तर. कधी नुसतंच."
"आईला सांगितलंस?"
"सांगितलं. आई म्हणते, मेढ फुटली म्हणजे संसार रुजणारच. जरा कळ काढ." मग थांबून, "आत्या, ते झाड मेलं असतं ना, तर आईने माझं ऐकलं असतं."
दुपारी शांताकडे गेले. म्हटलं, "अगं, पाऊस लागला म्हणून ते फुटलं. त्याला तुझा जावई कुठे ठाऊक?" तांदूळ निवडताना वरही न बघता म्हणाली, "शुभ आहे हे तुम्हीच म्हणालात ना? आता का फिरता? सोमवारी पोचवते तिला."
म्हणाले होतेच मी.

११ ऑगस्ट, रविवार
समितीची सभा. चाळीत मागे म्हाताऱ्या आणि मांजरं. बुधाजीला निरोप धाडला होता, तो सभा सोडून आला. सगळं सांगितलं. विचारलं, "मेढ तुमच्या चाळीत लावशील?"
"लावतो की. धम्मदीक्षा घेतल्यापास्नं आमच्यात मेढ नाही का शकुन नाही. सावली पडली तर पोरं बसतील."
त्याने खणलं, मी माती धरली. मुळं केवढी पसरली होती! एवढ्याशा दिवसांत काय काय करतं हे जमिनीखाली. काही तुटली, इलाज नव्हता. गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेऊन गेला. जगेल न जगेल. खड्डा बुजवू म्हणाला, मी नको म्हटलं. दिसायला हवा.

१२ ऑगस्ट
सकाळी गलका. हेमचंद्र लालबुंद — "कोणी केलं हे?"
"मी."
"आत्या, मंडळ बुडवलंत! मेहताजी फरशी घालायला मोकळे झाले."
"घालू देत."
नलूची ट्रंक बांधून दाराशी ठेवली होती. शांता खड्ड्याकडे पाहत उभी राहिली, मग माझ्याकडे. ट्रंक आत ओढून दार लावून घेतलं. दोघी दिवसभर बाहेर आल्या नाहीत.

१५ ऑगस्ट
सुट्टी म्हणून जावई न्यायला आले. शांता दारात आडवी. मी पुढे होऊन सांगणार, तोच तिने मला हाताने मागे सारलं.
"मेढ मी उपटली," त्यांना म्हणाली. "माझी मुलगी येणार नाही."