तीन विद्यापीठांची तीन कुलपं

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर लांबूनच डोकं ठेवतो. जवळून ठेवलं की गुडघ्याला धक्का लागतो आणि आशीर्वादाऐवजी भलतंच ऐकावं लागतं. गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? मी बरा आहे, म्हणजे शरीराने.

ही माझी सातवी नोकरी, आणि हीसुद्धा गेली तर दारात उभं करणार नाहीस, हे मी विसरलेलो नाही. (सहावीत माझी चूक नव्हती, त्या होडीला भोक आधीपासूनच होतं. असो.) इथे तीन विद्यापीठं मिळून आपापले संगणक एकमेकांना जोडताहेत. काम झालं की एकाच्या दुर्बिणीत दिसलेला धूमकेतू दुसऱ्याकडे चहा निवायच्या आत दिसेल, आणि तिसऱ्याकडची पोरं पहिल्याकडच्या सरांच्या तासाला आपल्याच बाकावर डुलक्या घेतील. मी केबल ओढतो. शुक्रवारी उद्घाटन, तोवर जोडणी झाली नाही तर मला नारळ.

सगळ्या केबल एका खोलीत येतात. खोली एकाची, यंत्रं दुसऱ्याची, वीज तिसऱ्याची. त्यामुळे दारावर 'सहकार्य कक्ष' अशी पाटी आणि पाटीखाली तीन कुलपं, ज्याचं त्याचं. रोज सकाळी सायकलवरून तीन कचेऱ्यांतून किल्ल्या गोळा करायच्या, संध्याकाळी परत द्यायच्या. तिसऱ्या कचेरीतले कारकूनकाका (निवृत्तीला दोन महिने उरलेत, मला रोज बशीत अर्धा चहा देतात) यांना वही दोनदा उघडायचा कंटाळा. म्हणून 'नेली' आणि 'परत दिली' या दोन्ही सह्या मी सकाळीच ठोकून मोकळा!

सोमवारी तिसरी किल्लीच नाही. वही म्हणते, परत आली. झालं! पहिल्या विद्यापीठाच्या बाई म्हणाल्या, तिसऱ्याला हे जमूच द्यायचं नाहीये. तिसऱ्याचे सर इतके लाल झाले की मी पाण्याचा तांब्या घेऊन आलो. बंद दारासमोर व्हरांड्यात तीन तास बैठक. मी म्हटलं, "कुलूप तोडा की!" बाई म्हणाल्या, "तू गप रे." दुसऱ्याचे सर (यांना आम्ही 'होपण' म्हणतो) म्हणाले, "हो, पण आम्ही तोडलं तर अविश्वास दिसेल. त्यांनी तोडलं तर कबुली." मग समिती. आता तिघं एकमेकांना खरमरीत पत्रं लिहिताहेत आणि ती पोचवतोय कोण? मी, सायकलवरून! साऱ्या जगाशी क्षणात बोलणारी यंत्रं आत कोंडलेली, आणि बाहेर तिन्ही विद्यापीठांमधलं जाळं म्हणजे मी एकटा. त्यात चाक पंक्चर.

सगळं शेवटी शेकलं कारकूनकाकांवर. उद्या त्यांची चौकशी. टेबलाचे खण उपसून बसलेत बिचारे, स्वतःवरच संशय घेताहेत. तरी आज बशी पुढे केलीच, म्हणाले, "घे रे, तू कशाला तोंड पाडतोस?" मी बशी तशीच खाली ठेवून निघालो.

तुझा (हे लिहीपर्यंत तरी नोकरीत असलेला) भाचा

ता. क. रविवारी काकांचा कोट परत केला ना, त्याच्या डाव्या खिशात जरा बघ. शनिवारी वाटेत एक जण बाजाची पेटी उघडून दुरुस्त करत होता, ते बघत थांबलो आणि कचेरी बंद झाली. सह्या सकाळीच झाल्या होत्या, म्हणून मीही विसरलो.

ता. क. २. किल्ली कागदात गुंडाळून बसच्या ड्रायव्हरकडे दे. कुणाला बोलू नकोस. मी ती गुपचूप कारकूनकाकांच्या खणात टाकीन.

ता. क. ३. छे, तसं नको. कारकूनकाकांना वाटेल खरंच त्यांचीच चूक. शिवाय बस चुकली, म्हणून हे पत्र मीच आणलंय आणि दाराच्या फटीतून मीच सरकवलंय. तोंडाने सांगायचा धीर नव्हता. उद्या समितीसमोर काय बोलायचं ते वाटेत पाठ केलंय; आधी तुला म्हणून दाखवतो. किल्ली खिडकीतून फेकू नकोस, आत्या. दार उघड.