मनकर्णेचे न मरणारे डास

मु. पळसटोला, तालुका गडचिरोली, जिल्हा चांदा
पौष शुद्ध पंचमी, सन १९५७

चिरंजीव बहीण मनकर्णाबाई हिला थोरली बहीण भागरथा हिचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहेत असं आधी लिहावं लागतं म्हणून लिहिलं, कोण किती खुशाल ते पुढे येईलच. तुझे गुडघे, तुझी दाढ आणि तुझ्या सुनेचा स्वभाव ही तिन्ही दुखणी आता कशी आहेत ते कळव. तिकडे समुद्राची हवा आहे, तेव्हा सारं बरंच झालं असेल. तुझं सगळं नेहमी बरंच होतं.

हे पत्र अयूब लिहून राह्यला आहे. अयूब आरमोरीचा. हिवतापाची दवाई फवारत गावोगाव फिरणाऱ्या टोळीचा तो मुकादम. आपलं अक्षर मोत्यासारखं आहे असं तो म्हणतो. मला सगळी अक्षरं मुंग्यांसारखीच दिसतात, तेव्हा मी हो म्हटलं. मी 'मले' म्हणते तर तो 'मला' लिहितो. कागदावर तसंच चालतं म्हणे. (चालू दे. तू तिकडे वाचून घेशील तेव्हा मनातल्या मनात उलटं करून घे.) देवाजीनंही लिहिलं असतं, पोटचा पोरगा आहे, मराठी चौथी शिकलेला आहे, पण हे पत्र त्याच्याबद्दल आहे आणि त्याच्यापासून लपवून आहे.

तुझं पत्र दसऱ्याला पोचलं. देवाजीनं ते ओसरीत मोठ्यानं वाचलं. शेजारची गुणाबाई सुपातले तांदूळ निवडायचे सोडून ऐकत बसली होती, म्हणजे मला धड कान बंद करायचीही सोय नव्हती. तुझा समुद्र म्हणजे वैनगंगेसारख्या शंभर नद्या एका जागी उभ्या, बरं. नारळ दारात पडतात, बरं. अंदमानात जंगलखात्यानं तुझ्या पोराला, मुखरूला, फळ्यांचं घर दिलं, तर त्या फळ्यांनाही तू शेणामातीनं लिंपून वरून पांढऱ्या मातीनं पोतारलंस, आणि बंगालच्या बाया तुझ्या भिंती पाहायला येतात. तेही मी गिळलं. पण पुढे तू लिहिलंस की तुमच्याकडचे डास सरकारच्या दवाईला भीत नाहीत. भिंतीवर दवाई मारली तरी तिच्यावरच बसून पाय चोळतात. बेटावर असं कुठंच नाही, फक्त तुझ्या घरी. म्हणून जहाजानं एक साहेब आला, त्यानं तुझे डास शिशीत भरले, दिल्लीला नेतो म्हणाला आणि तुझ्या हातचा चहा प्याला.

मनकर्णे, खरं सांगते, चहावर माझा जीव जळला. माझ्या हातचा चहा आजवर सर्कलसाहेबानंसुद्धा घेतलेला नाही. आणि हे काही आजचं नाही. लहानपणी आपल्या दोघींना ताप यायचा तेव्हा माझा एकाडएक दिवसाचा, साधा, कुणाच्याही घरी असतो तसा. तुझा चौथ्या दिवसाचा. तीन दिवस तू मोहाची फुलं वेचत फिरायचीस आणि चौथ्या दिवशी सारं घर तुझ्याभोवती. माय म्हणायची, आज मनकर्णेचा दिवस आहे. माझे इतके दिवस होते की त्यांना कुणी दिवस म्हणायचंही सोडून दिलं होतं. मला कडू कोयनेल पाण्यासोबत, तुला गुळासोबत. (अयूब विचारून राह्यला आहे की हे खरंच लिहू का. लिही म्हटलं. साठ वर्षं मनात ठेवलं, आता कागदाला थोडं वजन होऊ दे.)

तर गुणाबाईनं तुझ्या डासांचं ऐकून डोळे मोठे केले आणि म्हणाली, मनकर्णाबाईचं नशीबच मोठं. आता तूच सांग, मी काय करायला पाहिजे होतं. मी म्हटलं, आमच्याकडचे कुठी मरतात. आमचेही मरत नाईत. तीन वर्षं झाली दवाई मारून, उलट लठ्ठ झाले. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं, पण ढेकणांचंही सांगितलं. ते मात्र खोटं नव्हतं. पहिल्या वर्षी दवाई आली तेव्हा बाजांतून ढेकूण असे गळाले की सुपानं भरून टाकले, आणि यंदा तेच ढेकूण दवाई झाली की जेवायला निघतात. (अयूब म्हणतो ढेकणांचं बरोबर आहे. थोडी थोडी दवाई अंगाला लागत गेली आणि जे वाचले त्यांचीच पोरंबाळं वाढली, की मग त्यांना ती बाधत नाही. डासांचंही एखाद दिवशी तसंच होईल असं त्याचे वरचे लोक बोलतात. लिहिताना त्याचा चेहरा फार गंभीर झाला आहे.)

माझं बोलणं झालं आणि पाहते तर देवाजी पत्राच्या तळाशी मुखरूनं लिहिलेल्या दोन ओळी मोठ्यानं न वाचता मनात वाचत होता. मला अक्षर येत नाही, पण मनात वाचलेलं मला सगळ्यात मोठ्यानं ऐकू येतं. लाकडाच्या कामावर एक जागा आहे, बायकापोरं घेऊन ये, असं मुखरूनं लिहिलं होतं, ते मला सून आशाबाईकडून नंतर कळलं. देवाजीनं पत्राची घडी केली आणि एवढंच म्हणाला,

"इथले डासही मरत नसतील, तर इथी राहून काऊन मरावं आपण?"

त्याचं म्हणणं वेणूसाठी होतं. माझी नात, सहा वर्षांची, लागोपाठ तीन पावसाळे तापानं आजारी झाली. दुपारी हुडहुडी भरली की तिच्यावर दोन गोधड्या घालायच्या आणि वरून आशाबाईनं स्वतः पडायचं, तरी बाज हलायची. डाव्या बरगडीखाली तापाची गाठ, पानथरी, अशी वाढली की परकराची नाडी बसत नाही. देवाजी म्हणतो ह्या मातीतच ताप आहे. तुझ्या बेटावरही डास आहेत, तेही न मरणारे, हे त्याला सांगितलं तर म्हणतो, तिथी निदान दवाखाना दारात आहे. पुढच्या बाजाराला तो वडशाहून पत्र्याची पेटी घेऊन आला. हिरवी, कुलूप लावायची सोय असलेली. ओसरीत ठेवली. तेव्हापासून मी रोज सकाळी देवाआधी त्या पेटीचं झाकण उघडून पाहते. कपडे पडले का आत. रिकामी दिसली की मग चूल पेटवते.

आता माझं बोलणं कुठवर गेलं ते ऐक. गुणाबाईनं ते अयूबला सांगितलं, आणि अयूबला वर कळवावंच लागतं, त्याची नोकरी आहे. (तो मान हलवून राह्यला आहे.) दिवाळीच्या आधी चांद्याहून एक इन्स्पेक्टर आला. मला वाटलं आपलाही साहेब आला, मी चहाला दूध वेगळं काढून ठेवलं. तो सरळ आत शिरला आणि काचेची नळी तोंडात धरून भिंतीवरचे डास ओढू लागला. मला वाटलं चांद्याकडे आजकाल हेच खातात. पण नळीत जाळी होती. अकरा डास त्यानं दवाई लावलेल्या कागदाच्या डबीत घातले. मी वेणूला कडेवर घेऊन पाहत होते आणि मनकर्णे, एक मन म्हणत होतं, जगा रे बाबांनो, माझी इज्जत राखा, नाही तर गुणाबाई हसेल. दुसऱ्या मनाला पेटी दिसत होती. दुसऱ्या दिवशी डबी उघडली तर अकराचे अकरा उताणे. तुझ्या डासांसाठी जहाज, आणि माझे डास एका कागदाला भ्यायले.

मग इन्स्पेक्टरनं एक खिळा घेतला आणि भिंत खरवडली. वर पांढरी माती. तिच्याखाली शेण. त्याखाली दवाईचा पांढुरका थर, त्याखाली पुन्हा माती, पुन्हा शेण, पुन्हा दवाई. कांदा सोलावा तशी माझी भिंत सोलत गेला. दवाईचे ओघळ कुणाला आवडतात. आषाढात दवाईवाले भिंती चितारून गेले की पोळ्याच्या आत मी साऱ्या भिंती पोतारून काढते, आतून, बाहेरून, आढ्यापर्यंत. बाकीच्या बाया दर्शनी बाजूला हात फिरवतात. मी सगळं करते, कारण गुणाबाईचं घर दुधासारखं दिसते असं एकदा कोणी माझ्यासमोर म्हणालं होतं. दिवाळीच्या फवाऱ्यानंतर संक्रांतीला परत तेच. दारावर अयूब तारीख लिहून जायचा, तीही मी पुसायची. का, तर गुणाबाईच्या दारावर दोन ओळी आणि माझ्या दारावर एकच. (आता कळलं की तिची दुसरी ओळ होती: माजघर राहिले, घरवाली आत येऊ देत नाही. त्या शिव्यांवर मी तीन वर्षं जळत होते. हे लिहिताना अयूबला हसू येऊन राह्यलं आहे, तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर दोष त्याचा.)

इन्स्पेक्टर भला माणूस होता. रागावला नाही. हात झटकत म्हणाला, "आजी, भिंतीवर दवाई नाई तुमच्या घरी. दवाईवर भिंत आहे."

सगळे हसले. देवाजी हसला नाही. त्यानं एकदा वेणूकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि मग माझ्याकडे.

"माय, तीन वर्षं?"

बस, एवढंच. त्या एका दिवशी मला तुझा हेवा वाटला नाही, मनकर्णे. जागाच नव्हती.

अयूबनं परत फवारून दिलं. वेणूला कडू गोळ्या दिल्या, ह्यावेळी गुळासोबत. आणि दिवाळीला, लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा, मी भिंतीला हात लावला नाही. ओघळ तसेच, बैलानं भिंतीवर लाळ गाळावी असे. गुणाबाईचं घर चांदण्यासारखं. ती येऊन म्हणाली, तब्येत बरी नाई का बाई. मी म्हटलं, ठीक आहे. पोतारण्याचं भांडं मी गोठ्यात उलटं करून ठेवलं आहे आणि हात खाजला की जाऊन शेणाच्या गोवऱ्याच थापते; यंदा एवढ्या झाल्या की दोन पावसाळे पुरतील. दोन महिने झाले, वेणूला ताप नाही. परवा परकराची नाडी दोन बोटं आत बसली.

पण पेटी अजून ओसरीतच आहे. देवाजी ना तिच्यात कपडे टाकत, ना ती उचलून ठेवत. माझ्याशी बोलतो, धानाचं, बैलांचं. त्या पेटीचं काही बोलत नाही. बाकी सर्व ठीक. मुखरूला, सुनेला आशीर्वाद. लहानांच्या गालाला हात. तुझी, तुझ्यापेक्षा नेहमी थोडं कमी मिळालेली, थोरली बहीण भागरथा.

ता. क. — आता खरं काम. मुखरूकडून देवाजीला लगेच लिहून घे की ती जागा भरली. आणि खाली मोठ्या अक्षरात लिहायला लाव की तिकडचे डास खरंच मरत नाहीत, दवाखानाही दारात नाही, दोन कोस आहे. खोटं असलं तरी लिही. आयुष्यात एकदा तुझ्याकडचं काहीतरी वाईट आहे असं लिहिलंस तर तुझं काय जाते.

आणखी ता. क. — वरचं लिहून झाल्यावर आठवलं. तुलाही पोतारायला आपल्या मायनंच शिकवलं. एक खिळा घे आणि तुझ्या त्या बंगालच्या बाया पाहायला येतात त्या भिंती जरा खरवडून पाहा. दिल्लीहून शिशीचा जबाब यायच्या आत पाहा. साहेब परत आला तर चहा दे, पण आधी तुझं पोतारण्याचं भांडं उलटं ठेव. तुझी नातवंडंही त्याच घरात निजतात. ह्या बाबतीत मला तुझ्या पुढे जायचं नाही.

आणखी एक ता. क. — समुद्रातलं काही पाठवायचं असलं तर गुणाबाईकडे नसेल असं पाठव.

(मावशी, पत्र आरमोरीच्या पोस्टात टाकायला मायनं माझ्याचपाशी दिलं. भाताच्या शितानं चिकटवलं होतं, रस्त्यात उकललं. मले वाचता येते हे ती अधूनमधून विसरते. मुखरूला सांगा, जागा दुसऱ्याला द्या. कपडे ठेवायला काल पेटी उघडली होती. आत काठोकाठ बियाण्याचं धान भरलेलं होतं, आज तिला कुलूप लागलं आणि किल्ली मायच्या कमरेला आहे. खिळ्याचं मात्र खरंच पाहा. — देवाजी)