बाहेरून लावलेली कडी

ताई, तुझ्या वांड भावाचा नमस्कार.

माझ्या हातून गाढवपणा झालाय. आमच्या कंपनीच्या नाटकात शेवटी बायको नवऱ्याचं घर सोडून जाते. काल मी गंमत म्हणून स्टेजवरच्या त्या दाराला विंगेतून, बाहेरून कडी घातली. बायकोचं काम करणाऱ्या बाईंनी दोनदा ढकललं, मग फटीतून हळूच म्हणाल्या, "उघड ना रे." मी कडी काढली.

मागे तू सासरहून बॅग घेऊन आलीस, तेव्हा मी मस्करीत दार लावून "जागा नाही" म्हणालो. तूही "उघड ना रे" म्हणालीस आणि हसत सासरी परत गेलीस. तो आवाज कानातून जात नाही.

मी वेळेवर जेवतो. तू खरंच बरी आहेस ना? माझी खोली दोघांना पुरेल, निघून ये. दाजींना मात्र कळू देऊ नकोस. आईलासुद्धा सांगू नकोस, पाया पडतो.

तुझा,
बारक्या