फुलस्टॉप आत हवा

बाई, सातवीत असताना तुम्ही माझ्या वहीतलं एक वाक्य वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं होतंत. ते तुम्ही करायला नको होतं, असं मला आजही वाटतं. तुम्ही होतात तोवर हे सांगायला जमलं नाही, आणि तुम्ही गेल्याचंही मला वर्षभरानं कळलं, ठाकूरद्वारला बसस्टॉपवर, आपल्याच वर्गातल्या एका मुलीकडून. मी तिला फक्त "अरेरे" म्हटलं आणि आलेल्या बसमध्ये चढले. गेले तीन आठवडे मात्र तुम्ही सारख्या आठवताय. कुकर लावते आणि गॅस पेटवायला विसरते. वह्या तपासायला घेते आणि तशाच पिशवीत भरून परत शाळेत नेते.

मीही शिक्षिका झाले, हे बहुतेक तुम्हाला कळलं नसेल. दादरजवळच्या एका इंग्रजी शाळेत चौथीला इंग्रजी शिकवते. मुलं नऊ वर्षांची. त्यांना इन्व्हर्टेड कॉमा शिकवायचे म्हणजे मी फळ्यावर आधी एक तोंड काढते, तोंडातून एक फुगा काढते आणि सांगते, फुग्यातलं तेवढंच कॉमांच्या आत. तरी चुकतात. 'सेड'सकट सगळं वाक्य आत कोंबतात, नाहीतर फुलस्टॉप बाहेर ठेवतात. सगळ्यात मोठी अडचण आपल्या 'की'ची. बाबा म्हणाले की मी उशिरा येईन, यातला 'मी' म्हणजे बाबाच, मराठीत कुणाचा गोंधळ होत नाही. मुलं तेच इंग्रजीत नेतात, 'बाबा सेड दॅट आय विल कम लेट' असं लिहितात. मग मी विचारते, उशिरा कोण येणार, तू की बाबा? वर्ग हसतो. हा धडा मला चांगला जमतो असं सगळे म्हणतात, मलाही तसं वाटायचं.

या वर्षीही मी नेहमीचाच गृहपाठ दिला. काल घरी कोण काय बोललं त्याची पाच वाक्यं, कॉमा घालून. अठ्ठेचाळीस वह्या. त्या मी कशा तपासते ते सांगते. मी वाक्यं वाचत नाही. कॉमा, कॅपिटल, फुलस्टॉप बघते आणि पान उलटते. घरातलं बोलणं मुलांचं आहे, त्यात आपण डोकावू नये, असं मी नव्या टीचरनाही सांगते. हे मी तुमच्यामुळे ठरवलं होतं.

कारण माझं ते वाक्य. माय फादर सेड, "आय हॅव नो जॉब नाऊ." गिरणीतून बाबांना काढलं होतं आणि लालबागच्या आमच्या चाळीत ते कुणाला ठाऊक नव्हतं. बाबा रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी परत यायचे. मला माहीत असलेलं सगळ्यात सोपं इंग्रजी वाक्य तेच होतं, म्हणून मी ते लिहिलं. तुम्ही खूश होऊन वही उंच धरलीत. बघा, म्हणालात, कॉमा कुठे आहे, फुलस्टॉप कुठे आहे, असं लिहायचं. आणि वाचलंत. माझ्या चाळीतल्या तीन मुली वर्गात होत्या. संध्याकाळपर्यंत नळावर तोच विषय. बाबांनी मला दारात थांबवून एवढंच विचारलं, "ह्यां तू लिवलंस?" मी मान हलवली. त्यानंतर ते डबा न्यायचे थांबले. दिवसभर खाटेवर बसून असायचे आणि मी समोरून गेले की तोंड फिरवायचे. किती दिवस ते मोजलं नाही. पुष्कळ होते.

त्या शनिवारी तुम्ही मला फणसवाडीत तुमच्या घरी बोलावलंत. मला यायचं नव्हतं, आईनं पाठवलं. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मोड आलेले वाल सोलत होतात. मलाही एक वाटी दिलीत. सोललेला वाल मोडासकट अगदी स्वल्पविरामासारखा दिसतो, तुम्ही दोन-दोन वाल वर्तमानपत्रावर मांडून मला काहीतरी शिकवायला लागलात, मग मध्येच थांबलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "मला फक्त कॉमा दिसले गं. काय लिहिलंयस ते वाचल्यावरसुद्धा कळलं नाही मला." मला ते साफ खोटं वाटलं. मोठ्यानं वाचणाऱ्या बाईला कळलं नाही, हे कसं शक्य आहे? मी उसळभात खाल्ला, हात धुतले आणि आले. तुम्ही बाबांना मात्र कधी भेटला नाहीत. याचाही राग मी बरीच वर्षं धरला.

आता जे झालं ते लिहिते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, परळला राहते. तिच्या वहीतलं तिसरं वाक्य होतं: आई सेड, "आय ॲम नॉट कमिंग बॅक", आणि फुलस्टॉप कॉमांच्या बाहेर. मी त्याला लाल गोल केला, बाण काढला, 'फुलस्टॉप आत हवा' असं इंग्रजीत लिहिलं आणि पानाखाली 'गुड' देऊन सही केली. आठ दिवसांनी तिचे वडील शाळेत आले, ती वही घेऊन. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला असतात, अगदी हळू बोलणारा माणूस. बायको दोन दिवस बहिणीकडे जाते सांगून निघाली होती. फोन बंद. बहिणीनं सांगितलं, इथे आलीच नाही. त्यांनी सगळे नातेवाईक पालथे घातले होते. खरं तिनं फक्त मुलीला सांगितलं होतं, निघायच्या आदल्या दिवशी, वेणी घालताना.

ते म्हणाले, "मॅडम, ही म्हणते की मी टीचरना सांगितलं होतं. टीचर गुड म्हणाल्या."

मुलगी शेजारीच उभी होती, वॉटरबॅगचा पट्टा धरून. मी म्हटलं, "मी तिला बाजूला घेऊन विचारलं होतं. ती काही बोलली नाही." बाई, मी क्षणभरही अडखळले नाही. वडील तिच्याकडे वळले, विचारलं होतं का गं, म्हणाले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि "हो" म्हणाली. मग ते मलाच सॉरी म्हणाले आणि तिला घेऊन गेले.

आईचा दोन दिवसांनी फोन आला. ती सावंतवाडीला आहे, त्याच बहिणीकडे. बहीण खोटं बोलली होती. परत येणार नाही म्हणते, पण मुलीशी दर रविवारी बोलते, मे महिन्यात तिला घेऊन जाणार आहे. म्हणजे तसं वाईट काही झालं नाही, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात. त्यांना मी तिच्या वडिलांना ऐकवलेलं वाक्य माहीत नाही. आठ दिवस तो माणूस वणवण फिरत होता आणि ते पान माझ्या सहीसकट त्याच्याच घरात दप्तरात होतं.

मी मुलीला मधल्या सुट्टीत थांबवलं. म्हटलं, तुझं वाक्य मी वाचलंच नव्हतं, नुसता फुलस्टॉप बघितला. तुम्ही मला सांगितलंत तेच जवळजवळ, आणि बोलताना कळलं की तुम्ही खरं सांगत होतात. असं होतं. समोर लिहिलेलं असतं आणि दिसत नाही. ती म्हणाली, "माहितीये टीचर. सगळ्यांना गुड होतं." मग मी विचारलं, तू हो का म्हणालीस. ती डबा बंद करत होती, झाकण नीट बसत नव्हतं. म्हणाली, "बाबा तुम्हाला ओरडले असते."

तुम्ही वेळेवर तुमची चूक कबूल केलीत, ती ऐकणारी मी बारा वर्षांची हट्टी मुलगी होते, एवढंच. आज तुमच्यावर रागवायला बसले की तो राग पुरत नाही. त्या मुलीचे वडील आता तिला सोडायला रोज येतात. काल गेटवर थांबून म्हणाले, तुम्ही तिच्याकडे लक्ष देता मॅडम, बरं वाटतं. मी हसले. काहीतरी म्हणालेसुद्धा, काय ते आठवत नाही.

खरं म्हणजे आज मी त्यांनाच लिहायला बसले होते. कागदावर वर 'बाई' लिहिलं, कारण तुम्ही उद्या सकाळी गेटवर भेटणार नाहीत.