पुलगावची पार्वती

पुलगाव, ता. ३० ऑगस्ट १९५४

चि. अच्युतास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोळ्याला तू आला नाहीस. तुझ्या वाट्याच्या पुरणपोळ्या पद्माने संपवल्या.

तुझ्या बहिणीचं, पद्माचं, लग्न जमलं रे! काल कारंज्याच्या यशोदाबाई मुलासाठी तिला पाहायला आल्या, आणि बैठकीत आपल्या नंदीवरच्या पार्वतीच्या चित्रापाशीच थबकल्या. मुलाचं नाव महादेव, आणि इथे पार्वती आधीच तयार! देवाचाच कौल आहे, असं मी म्हणून टाकलं. त्यांनी मान डोलावली आणि मुलीबरोबर चित्रही द्या म्हणाल्या.

गोऱ्या साहेबाच्या लिलावातून ह्यांनी ते आणलं तेव्हा मी किती बोलले होते! पण पाट्या रंगवणाऱ्या तानबाकडून तिच्या उघड्या अंगावर हिरवी चोळी रंगवून घेतली, तेव्हापासून कसं सात्त्विक दिसतं. पोळ्याला नंदीला कुंकूही लावलं. तू चित्रकला शिकतोस, तर विहीणबाईंसाठी चार ओळी माहात्म्य लिहून पाठव.

आशीर्वाद आहेतच, उत्तराचा आळस नको.
तुझी आई

मुंबई, ता. ४ सप्टेंबर

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

माहात्म्य काय लिहू, कपाळ! ती पार्वती नव्हे, आणि तो नंदीही नव्हे. एका जुन्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्राची कुणीतरी केलेली ती नक्कल आहे. मूळ चित्र परवाच मास्तरांनी पुस्तकात दाखवलं. ग्रीक पुराणातला एक देव बैल होऊन येतो आणि राजाच्या मुलीला पाठीवर बसवून समुद्रापार पळवतो. त्या भामट्याला तू कुंकू लावलंस! तानबाला तर माझा कोपरापासून नमस्कार.

चेष्टा पुरे. यशोदाबाईंना आताच खरं सांगा. उद्या एखादा शिकलेला पाहुणा सांगेल, आणि फसवल्याचे टोमणे जन्मभर पद्मा ऐकेल. मला तिची काळजी वाटते.

माया आहे तशी राहू द्यावी.
तुझा अच्युत

पुलगाव, ता. १२ सप्टेंबर

ती. दादास पद्माचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने तांदळाच्या डब्यात लपवलं, पण मी ते शोधून वाचलं. लग्न मोडेल म्हणून ती घाबरली. अक्षता पडेपर्यंत ती पार्वतीच, असं म्हणाली. मला मात्र ते पटेना. मला ते घर आवडलंय, आणि महादेवही. (हे आईला कळवू नकोस.)

पितृपक्षाआधी लग्नाचं लुगडं घ्यायला काल यशोदाबाई आल्या. आई चहाला आत गेली तेवढ्यात मी समुद्रासकट सगळं सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, पोरी, मले का नंदी ओळखू येत नाई? त्याले वशिंड कुठी हाय? तुही माय पार्वती म्हने, म्या मान हालवली. पन ते पोरगी मांगं वळून पाहून राह्यली ना, मैतरनी काठावर राह्यल्या तिच्या. मीबी सासरी जातानी गाडीतून अशीच पाहत गेलती, म्हनून मले हे चित्र पायजे. तुले माहेर आठवलं का सांगजो, त्याच दिवशी मोटारीत बसवून देईन.

मी रडतच सुटले. आई चहा घेऊन आली, तिला वाटलं मोडलं लग्न, आणि चहा खाली ठेवून तीही रडायला लागली. तिला गप्प करता करता यशोदाबाईंचा चहा निवला.

लग्नाला नक्की ये. मी मागे वळून पाहीन तेव्हा काठावर तू दिसावास, एवढाच लोभ असावा.
तुझी पद्मा