आईच्या गोष्टींची शाखा

प्रिय दादा,

मागच्या आठवड्यात तू लिहिलंस की छकुलीच्या वाढदिवसाला आजीची एखादी नवी गोष्ट हवी, जुन्या सगळ्या तिला पाठ झाल्यात. मी त्यावर 'बघते' एवढंच उत्तर पाठवलं. 'बघते' हे मी गिऱ्हाइकांना सांगते, घरच्यांना नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. फोनवर हे सगळं बोलणं मला जमणार नाही. फोन लावला की आई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसते, आणि तुझा चेहरा दिसला की माझीही वाचा बसते. म्हणून लिहितेय. लांबेल, पण मधे सोडू नकोस.

आईला एकाएकी गोष्टी रेकॉर्ड करायचं सुचलं, असं मी तुला सांगितलं होतं. निवृत्त माणसाला काहीतरी नाद हवाच, असं तू म्हणालास आणि आम्ही दोघींनी ते तसंच राहू दिलं. मागच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून आम्ही खिडकीला ब्लँकेट लावलं, कपाटाची दारं उघडी ठेवली, आणि ती कपड्यांकडे तोंड करून स्टुलावर बसली. हातात पुस्तक नाही. ग्रंथालयात नोकरीला असताना बालविभागात बसायची तशीच, चष्मा डोक्यावर चढवलेला. शनिवारी पोरं तिच्याभोवती कशी गोळा व्हायची आठवतं ना? तू कोपऱ्यात बसून, मला काय त्याचं, असा चेहरा करायचास आणि ऐकायचास सगळं. तशाच सांगितल्या तिने. तिचा वाघ नेहमी सर्दीने बेजार असायचा, तसाच तो याही वेळी शिंकला. एक गोष्ट झाली की घोटभर पाणी प्यायची आणि म्हणायची, चल, अजून एक. मी म्हणायचे, पुरे आता, उद्या करू. तर म्हणायची, उद्याचं उद्या. तिला एवढी घाई कशाची होती, ते पुढे येईलच.

वेबसाइट मी एका सुट्टीत उरकली. पिवळं पान, प्रत्येक गोष्टीला एक चित्र, वाचता येत नसलं तरी छकुलीला बोट लावता यावं असं. दुकानदारांच्या वेबसाइट करून करून हात बसलाय, त्यामुळे मला वाटलं झालं काम. इथे लावून बघितली तर पटकन सुरू व्हायची. आणि मग तुमचा तो पहिला फोन आला. छकुली रडवेली होऊन सांगत होती, "आजी अडकली." सशाने उडी मारली आणि तो हवेतच राहिला, पडद्यावर चक्र फिरत बसलं. तू मागून हसत म्हणालास, "आई, जरा एका दमात सांग की!" आईही हसली. मी तुझ्या घरच्या इंटरनेटला नावं ठेवली आणि विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून घरी आले तर मागच्या खोलीचं दार आतून बंद. आई सशाची गोष्ट पुन्हा सांगत होती. तिला वाटलं होतं की आपण मधे मधे श्वास घ्यायला थांबतो म्हणून गोष्ट अडकते. एका दमात सांगायची म्हणून घसा ताणून ताणून ती बोलत होती, आणि दर दोन वाक्यांनी आवाज फाटत होता. मी दार वाजवून तिला बाहेर काढलं, चिडले तिच्यावर. तुझ्या श्वासाचा यात काही संबंध नाही, दोष यंत्राचा आहे, असं ओरडूनच सांगितलं. ती म्हणाली, "ते मला काय कळणार? पोरीला थांबावं लागतं गं."

त्या दिवशी मी नीट शोधायला बसले. भानगड साधी होती. आपली वेबसाइट ज्या यंत्रावर ठेवली होती ते इथेच, आपल्या शहरात. छकुलीने तिकडे चित्राला बोट लावलं की मागणी समुद्र ओलांडून इथे यायची आणि गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी तेवढंच अंतर कापून परत जायची. वाटेत गर्दी झाली, एखादा तुकडा मागे राहिला, की आजी अडकली. याच्यावर आमच्या धंद्यात सीडीएन असतं. मोठ्या कंपन्या जगभर ठिकठिकाणी यंत्रं ठेवतात आणि आपल्या पानांच्या, आवाजाच्या, चित्रांच्या प्रती त्यांच्यावर राहतात. ज्याने मागितलं त्याला त्याच्या जवळच्या यंत्रावरून मिळतं. मी आईला हे सांगायला लागले आणि ती मधेच म्हणाली, "म्हणजे शाखा. एवढंच ना? मुख्य ग्रंथालयात एक प्रत, आणि शाखांमधून बाकीच्या." मग लगेच कपाळाला आठ्या. "आणि मी गोष्ट बदलली, तर शाखेतली जुनी प्रत कोण काढणार?" मी म्हटलं, तो हुकूम मीच इथून सोडायचा. तिने मान डोलावली. "मग ठीक आहे. नाहीतर आमच्या शाखांमधून वर्षानुवर्षं फाटकी पुस्तकंच फिरायची."

मी एका कंपनीकडे खातं उघडलं, आपल्या वेबसाइटचा पत्ता त्यांच्याकडे वळवला, गोष्टींच्या प्रती किती दिवस ठेवायच्या ते नेमून दिलं. तुमच्या शहरातच त्यांचं एक ठिकाण निघालं. तुला म्हटलं, सगळ्या गोष्टी एकदा लावून ठेव, पहिल्या वेळेला प्रत इथून यायला थोडा वेळ लागेल, मग नाही. संध्याकाळी तुझा फोन आला. ससा उडी मारून खाली आला होता, आणि छकुली सोफ्यावरून उड्या मारत होती. आई फोनच्या इतकी जवळ गेली होती की तुला तिचं नुसतं कपाळ दिसत असेल. फोनवर तू तिचा आवाज शेवटचा ऐकलास तो तेव्हाच.

दादा, ऑपरेशनबद्दल तुला सांगितलं ते एवढंच की घशात गाठ होती, छोटी होती, काढली, आता आवाजाला विश्रांती. यातला 'गाठ' हा शब्द खरा होता. स्वरयंत्रच काढावं लागेल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी.  दवाखान्यातून घरी आल्यावर पायातल्या चपला न काढताच तिने विचारलं, तुझ्याकडे तो माइक आहे ना? मधे जे थोडे दिवस मिळाले त्यात तिने जमतील तेवढ्या गोष्टी सांगून घेतल्या, आणि त्यातलीच एक, यंत्राच्या चुकीपायी, दोनदा सांगितली. 

तुला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली. तुझे कागद तिथे अडकलेत. ते हातात पडायच्या आत तू देश सोडलास तर पुन्हा आत घेतील याची खात्री नाही. तुझं काम, वहिनीचं काम, छकुलीची शाळा, सगळंच उलटंपालटं. आई म्हणाली, तो क्षणाचाही विचार न करता निघेल आणि मग जन्मभर कुढत बसेल. मी वाद घातला, पण तिच्यापुढे माझं काय चालणार? म्हणून ती गळ्याला स्कार्फ बांधून फोनसमोर बसत राहिली. स्कार्फ तुला छान दिसतो, असं तू म्हणालास. त्याखाली श्वास घ्यायचं भोक आहे. ती हात हलवायची, छकुलीला पापे पाठवायची, तू विचारायचास, अजून विश्रांतीच का? आणि एकदा तू थट्टेत म्हणालास, आई रुसलीय का माझ्यावर? त्यावर तिने 'नाही' म्हणून जोरजोरात मान हलवली, हसली, आणि फोन ठेवल्यावर उठून न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता.

आता ती पांढऱ्या पाटीवर लिहून बोलते. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने पहिली गोष्ट मागितली ती म्हणजे नोंद. तुला हे माहीत नाही. तुमच्या घरून गोष्ट लावली की पूर्वी इथल्या यंत्रावर एक ओळ पडायची, कुठली गोष्ट, कधी. ती ओळ वाचायला आई शिकली होती. रोज चहा घेताना बघायची, पुस्तक कुणी नेलं ते बघावं तशी. मी तिला पडदा उघडून दिला आणि माझ्याच लक्षात आलं नाही. पान कोरं होतं. दुसऱ्या दिवशी कोरं, तिसऱ्या दिवशीही.  मग एका सकाळी तिने पाटी माझ्याकडे सरकवली. "छकुलीला कंटाळा आला का?" मी डोक्यावर हात मारून घेतला. अगं आई, आता गोष्ट तिकडच्या शाखेतूनच मिळते, आपल्यापर्यंत मागणी येतच नाही, मग आपल्याकडे ओळ कशी पडणार! तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिची कनिष्ठ लिपिक आहे, आणि लिहिलं, "मग शाखेचा अहवाल मागव."

तो अहवाल मी सुरू करून घेतला. कुठल्या शहरातून, कुठली गोष्ट, किती वाजता. तुमच्या शहरात आपल्या गोष्टी ऐकणारं दुसरं कोण आहे? संध्याकाळी, छकुलीच्या झोपायच्या वेळी, ससा आणि शिंकणारा वाघ. आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. पण नंतर दुपारच्या नोंदी दिसायला लागल्या. तुमच्याकडच्या दुपारी. छकुली शाळेत, वहिनी कामावर, घरी तू एकटाच. आणि लावलेली गोष्ट म्हणजे गोष्टच नाही. माइक चालतो का बघायला पहिल्या दिवशी केलेलं ते छोटं रेकॉर्डिंग, जे मी पानाच्या तळाशी चुकून राहू दिलं. त्यात आई मला खिडकी लावायला सांगते, खाकरते, आणि म्हणते, "तुझ्या दादाला गोष्ट सांगायला बसलं की तो माझ्याच मांडीवर झोपून जायचा, शेवट त्याला कधी कळलाच नाही." बस, एवढंच. ते एका दुपारी लावलेलं, मग पुढच्या, मग रोज, कधी कधी एकाच दुपारी पुन्हा पुन्हा. माझ्या आधी ते आईच्या नजरेस पडलं. अहवाल वाचण्यात तिचा जन्म गेलाय.

काल सकाळी ती त्या ओळींवरून बोट फिरवत बसली होती. चहा निवला. मग पाटीवर लिहिलं, "त्याला कळलंय." पुसलं. खाली लिहिलं, "सांग त्याला." मी विचारलं, सगळं? तिने मान डोलावली. तर सगळं असं आहे, की आजार परत आलाय, आता फुप्फुसात. डॉक्टर महिन्यांची नाही, आठवड्यांची भाषा करतात. पुढचे उपचार तिने नको म्हटलेत, आणि मी तिच्याशी भांडून भांडून हात टेकले. नवी गोष्ट होणार नाही. तुला बोलवायचं का, हे मी तिला तीनतीनदा विचारलं, पण तिने ते लिहिलं नाही. म्हणून ते मी लिहिते. ये. कागदांचं काय करायचं ते तू आणि वहिनी मिळून ठरवा, नाहीच जमलं तर मी तुला बोल लावणार नाही आणि तीही लावणार नाही. पण आम्ही काही सांगितलेलं नसताना तू दुपारी एकटा बसून ऐकावंस, आणि आम्ही इथे तुझ्या दुपारच्या ओळी मोजाव्यात, हे आता आम्हा दोघींच्यानेही होत नाही. तुला बोलवायचं का, हे मी विचारत राहिले तेव्हा तिने पेनाला टोपण लावलं, पाटी माझ्या मांडीवर ठेवली आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मी हे लिहायला बसले.

तुझीच,
बारकी