अण्णांच्या हातची गोळी

प्रिय आई,

आज हरतालिका. तुला वाचता येत नव्हतं आणि हे पत्र घरी पाठवायचंही नाही. तरी लिहितेय, कारण हे सांगायला तुझ्याशिवाय मला कोणीच नाही.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आई! पांढरा गणवेश, डोक्यावर कडक टोपी. बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, "अगं, हातात दोन बांगड्या तरी घाल!"

सकाळी बायकांच्या वॉर्डात औषधांचा ट्रे माझ्याकडे होता. नामपूरकडच्या एका मावशींनी डायबेटीसच्या गोळीसाठी हात पुढे केला. मी विचारलं, "नाश्ता झाला का?"

"आज हरतालका शे ना, पोरी. पानी बी नही पिधं. गोयी दे तू."

माझा हात तिथेच थांबला. ही गोळी रक्तातली साखर उतरवते, आणि पोटात अन्न नसेल तर साखर उतरतच जाते. घाम फुटतो, गुंगी येते, माणूस नुसतं झोपल्यासारखं दिसतं. ट्यूटरबाईंनी हे शिकवलं तेव्हा बाकीच्या मुली लिहून घेत होत्या. मला मात्र आपला मळा दिसत होता.

गणपतीचा आदला दिवस. बाजारात फुलं न्यायच्या आधी अण्णांनी हीच साखरेची गोळी तुझ्या तळहातावर ठेवली. तू म्हणालीस, "आज नको, निर्जळ हाय मला." अण्णा हसले, "औषधाच्या घोटानं उपास मोडत नाय. गीळ." "लय शहाणे!" म्हणत तू गिळलीस. मग ऊन चढेपर्यंत वाकून झेंडू तोडलास. दुपारी फुलांच्या ढिगाशेजारी आडवी झालीस, सगळं अंग घामानं भिजलेलं. काकू म्हणाली, "उपासानं गळलीय, निजू दे तिला." मी तुला वारा घालत बसले. तू पुन्हा उठलीच नाहीस.

खरं सांगू? तुझा रागही येतो. एक केळं खाल्लं असतंस तर काय बिघडलं असतं गं? उपास अण्णांच्याच आयुष्यासाठी होता ना?

आमच्याकडून पाच गोष्टी घोकून घेतात. माणूस तोच ना, औषध तेच ना, मात्रा, वेळ आणि द्यायची रीत बरोबर ना. अण्णांच्या पाचही बरोबर होत्या, आई! दवाखान्यात त्यांना एवढंच सांगितलं होतं, गोळी चुकवू नका. उपासाचं कुणी बोललंच नव्हतं.

मावशींची गोळी मी परत नेली. सिस्टरांनी डॉक्टरांना विचारून ती थांबवली. संध्याकाळी मावशी शेजारच्या खाटेवरच्या बाईशी खिडकी उघडण्यावरून कडाकडा भांडत होत्या. तो आवाज ऐकून मला रडू आलं.

गेल्या सुट्टीत अण्णा ओट्यावर बसून म्हणाले, "तिची गोळी म्या एक दिस चुकवली नाय." मग माझ्याकडे वळले. "तू आता शिकलीस. माझं काय चुकलं व्हतं का गं?"

आई, तुला शब्द देते. कुणाच्याही हातावर गोळी ठेवण्याआधी मी विचारीन, जेवलात का, उपास तर नाही ना?

आणि अण्णांना मी त्या दिवशी "नाही" म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं तर पुन्हा "नाही"च म्हणेन. जन्मभर.

तुझीच,
मंदा